डावा कल्ला

नरहरी गुरव रामलिंगच्या समोरून गेला, पण मान दुसरीकडे वळवून. तीस वर्षं त्याची दाढी रामलिंगच्याच वस्तऱ्यानं झाली होती. लिंबाखाली वस्तरा-कात्रीची धोकटी उघडून बसलेल्या रामलिंगनं पाहिलं, गुरव रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये शिरला. सलून रामलिंगच्याच पोराचं, महारुद्रचं.

रविवार असून सकाळपासून लिंबाखाली कुणी फिरकलं नव्हतं. पलीकडे मात्र बाकावर बसायला जागा नव्हती. तिथून हसण्याचा आवाज आला की रामलिंगला वाटे, आपल्यालाच हसतायत.

थोड्या वेळानं गुळगुळीत गाल चोळत गुरव बाहेर आला. आता टाळता येईना, म्हणून जवळ येऊन म्हणाला, "रामलिंगा, राग धरू नगंस. खाली बसलं की गुडघं उठू देत न्हाईत. तिथं खुर्ची हाय. अन् पोराचा हात काय हलका रं! डोळाच लागला माझा."

"लागंल की. उद्यापास्नं तिथंच पथारी टाक."

गुरव ओशाळं हसून गेला. हलका हात! गावानं हा शब्द आजवर एकट्या रामलिंगसाठी राखून ठेवला होता. पोराचं कौतुक ऐकून बापाची छाती फुगायची, तर इथं त्याला ते सललं. त्याची त्यालाच लाज वाटली, आणि त्या लाजेनं तो जास्तच पेटला.

धोकटी तशीच टाकून तो रस्ता ओलांडून गेला. सलूनमध्ये बाकावरची माणसं सावरून बसली.

"माझी दाढी कर. कटिंग बी."

"तुमची, आबा?" महारुद्र गोंधळला. "तुम्ही तर आपली आपण करता."

"आज तुझा हात बघायचाय."

बाकावरच्यांनी नंबर सोडला. रामलिंग खुर्चीत बसला. केस कापून झाले, साबण लागला, तसे त्यानं डोळे मिटले आणि चुकीची वाट बघू लागला. गळ्याच्या घाटीवर नवख्याचा हात थरथरतो. हा थरथरला नाही. हनुवटीखाली केसांचा भोवरा होता. पोरानं तिथं पोचायच्या आधीच पात्याची दिशा बदलली. एक ओरखडा उठू दे, रामलिंग मनात म्हणत होता, बारकासा, एकच. उठला नाही. उलट त्याच्याच पापण्या जड व्हायला लागल्या, तसे त्यानं खाडकन डोळे उघडले.

"काय रामलिंगतात्या," बाकावरून कुणीतरी विचारलं, "पोरगं पास का नापास?"

रामलिंगनं आरशात चेहरा या अंगानं पाहिला, त्या अंगानं पाहिला. कानांपुढचे दोन्ही कल्ले दोरी धरून कापल्यासारखे.

"डावा कल्ला मोठा राहिलाय," तो म्हणाला.

महारुद्रनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग आरशातून बापाच्या डोळ्यांत पाहिलं.

"व्हय की, आबा. चुकलंच माझं."

त्यानं कात्री उचलली. डाव्या कानापाशी कचकच कचकच आवाज होत राहिला. पाती केसांपासून बोटभर लांब मिटत होती. खांद्यावर एकही केस पडला नाही.

"आता?" पोरानं विचारलं.

रामलिंग बराच वेळ आरशात बघत राहिला.

"आता बरोबर झाला," तो म्हणाला.