खालचीच खोली

"सर, सहाव्या मजल्यावरचा स्वीट आहे. तुमच्या कार्डावर तो फुकट मिळतो," शिल्पाने तिसऱ्यांदा सांगितलं.

"माले खालेच जोयजे," हिलाल नानांनीही तिसऱ्यांदा सांगितलं.

जळगावच्या बाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून हे पंचतारांकित हॉटेल उभं राहून अजून वर्ष झालं नव्हतं. भुसावळहून रोज ये-जा करणाऱ्या शिल्पाने या काउंटरवर भारी खोलीसाठी हुज्जत घालणारे पुष्कळ पाहिले होते. साध्या खोलीसाठी अडून बसलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

त्यातून हातात काळं कार्ड. हे कार्ड बँकेच्या साहेबांनी पेढ्याच्या पुड्यासकट नानांच्या धुळ्याच्या घरी आणून दिलं होतं, कारण नानांची मोठी ठेव त्यांच्या शाखेत होती. नानांनी त्यावर कधी मिठाची पुडीसुद्धा घेतली नाही. पुण्याचा मुलगा, प्रेमराज, एकदा फोनवर त्याचे फायदे वाचून दाखवत होता. वर्षातून एक रात्र मोठ्या हॉटेलात मोफत, नाश्ता मोफत, दुसऱ्या दिवशी चारपर्यंत खोली आपली. नानांनी एकच प्रश्न विचारला, "जळगाववालं नवं हाटेल शे का त्याम्हा?" होतं. मग तारीखही त्यांनीच सांगितली.

"आज काही विशेष आहे का? लग्नाचा वाढदिवस?" शिल्पाने विचारलं. अशा पाहुण्यांना हॉटेलकडून केक जायचा.

"वाढदिवस शे," नाना म्हणाले.

"सोबत लहान मूल? पाच वर्षांखालच्यांचं काही लागत नाही." फॉर्मवर होतं म्हणून तिने विचारलं आणि समोरचे पांढरे केस पाहून तिचं तिलाच हसू आलं.

मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी पेन हातात धरून थोडा वेळ घेतला आणि एकूण पाहुण्यांच्या रकान्यात 'दोन' लिहिलं.

मग ते शिल्पाला थांब म्हणाले आणि बाहेर गेले. अंगणात कारंजं होतं, एका जुन्या विहिरीच्या काठावर संगमरवर चढवून केलेलं. नानांनी विहिरीला पाठ लावली आणि उगवतीकडे तोंड करून चालायला लागले. ओठ हलत होते. काचेच्या दारातून आत, पाहुण्यांच्या बॅगांमधून वाट काढत, खालच्या बोळात. चपला त्यांनी दारातच काढल्या होत्या. दरवानाला वाटलं, म्हातारबाबा गोंधळले. शिल्पा मागे धावली. नाना एकशे सातच्या दारासमोर उभे होते.

"एकवीस," ते म्हणाले. "आखो एक पाऊल आत. हाईच खोली."

"नाना, यात पाहुणे आहेत," शिल्पा म्हणाली. 'सर' कधीच गळून पडलं होतं. "शेजारची देते, अगदी अशीच आहे."

"अशीच कशी व्हई?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते दारासमोरून हलले नाहीत. मागून गुडघा धरत आलेल्या मंजुळाबाई भिंतीला टेकल्या. त्यांचे डोळे भरून आलेले शिल्पाने पाहिले. एका खोलीवरून कुणी असं रडवेलं होतं का?

"हाई आमनं वावर व्हतं, बेटा," नाना अखेर म्हणाले. "ती आमनी विहीर. तठेतून बावीस पाऊलवर निंबनं झाड व्हतं. दुपारले भाकर खाईसन तठेच जपूत आम्ही. आज एक रात तठेच जपानं शे."

एका रात्रीपुरतं त्या कडुनिंबाच्या जागी झोपायचं होतं त्यांना. आता तिला सगळं कळलं होतं. वावर विकून माणूस शहरात जातो, पण जीव बांधावरच राहतो. तिचे स्वतःचे आजोबा बोदवडच्या विकलेल्या मळ्याकडे एसटीच्या खिडकीतून मान वळवून वळवून बघायचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने नोकरी जाईल असं काम केलं. एकशे सातमध्ये सरकीचा एक व्यापारी उतरला होता. त्याला तिने नानांच्या कार्डावरचा सहाव्या मजल्यावरचा स्वीट देऊन टाकला. तो बॅग घेऊन पाच मिनिटांत वर गेला, कारण विचारायलासुद्धा थांबला नाही.

चावी हातात पडल्यावर नानांनी शिल्पाला हात जोडले. तिला लाजल्यासारखं झालं.

संध्याकाळी पाचला ड्यूटी संपताना ती स्वतःच केक घेऊन गेली. दार नानांनी उघडलं. पलंग भिंतीकडे ढकललेला होता, गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला. मंजुळाबाई उघड्या फरशीवर एका कुशीवर झोपल्या होत्या. उशी नाही, चादर नाही. एक हात लांब करून त्या फरशीवर हलके हलके थोपटत होत्या.

"अक्का, गार लागेल," शिल्पा म्हणाली. "केक आणलाय."

"आठे ठेव. खालेच."

तिने केक फरशीवर ठेवला. वर इंग्रजीत लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या आणि पाच मेणबत्त्या होत्या. मंजुळाबाई उठून बसल्या. त्यांनी चार मेणबत्त्या उपटून पदरात घेतल्या आणि पाचवी नीट सरळ केली.

"एकच, अक्का?"

"पहिलाच शे. तो बी कराना राही गया." त्यांनी पुन्हा फरशीवर हात ठेवला. "यास्नी कागदवर दोनच लिखात. तू तीन कर, माय. आमनी तान्ही दीपा आठेच मातीम्हा पुरेल शे, निंबखाल."