आबांनी पसंत केलेली बोट

आबा जन्मठेप भोगून कळंबा जेलमधून सुटले. आत भेटायला गेलं की ते फक्त समुद्राचंच बोलायचे, म्हणून त्यांना शिडाची जुनी बोट घेऊन द्यायची, आरामात बेटं फिरवायची, असं मी ठरवलं होतं.

बंदरावर दुरुस्ती करून विकायला ठेवलेल्या दोन बोटी आमच्या बजेटात बसत होत्या. मोठीत ऐसपैस पलंग, चारी बाजूंनी खिडक्या. आबा दारातूनच मागं फिरले. दुसरीची केबिन चिंचोळी, फळीचा बाक, वर एकच झरोका. तिथं ते पाय पोटाशी घेऊन बसले.

"हीच बरी हाय."

मिस्त्री खूश झाला. "दार पण मजबूत हाय पावणं. कडी आतनं लागत्या."

आबा कडीकडं बघत राहिले.



"मग सांजचं बाहेरनं कुलूप कोण घालणार?"