निरोगी तुकडा

"मॅडम, तुमची प्लेट फेकून देऊ? लेबलांची अदलाबदल झालेली दिसतेय," माझी विद्यार्थिनी मृण्मयी म्हणाली.

आम्ही प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींचे इवले गोळे प्लेटमध्ये वाढवतो. पेशींना ‘वाढा’ असा हुकूम देणारं एक प्रथिन त्यांच्या खाद्यात घालावं लागतं. ते काढून घेतलं की निरोगी पेशी निमूट मरतात. कर्करोगाच्या वाटेला लागलेल्यांना हुकूम लागत नाही. थांबायचं कधी हे त्यांना कळतच नाही, त्या आपल्या वाढतच राहतात.

तुलनेसाठीचा निरोगी तुकडा आमच्यापैकीच कुणीतरी द्यायचा, अशी इथली रीत. या वेळचा मी दिला. वडील आतड्याच्या कर्करोगानं गेले, म्हणून दिवस राहण्याआधी मी दुर्बिणीनं तपासून घेतलं होतं. "सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हाच काढलेला कणभर तुकडा मी तोऱ्यात इथं घेऊन आले.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रथिन कधीच बंद केलेलं, तरी गोळे चांगले टपोरे झाले होते. लेबलावर अक्षर माझंच होतं. अदलाबदल वगैरे काही नव्हती.

"फेकू ना?" मृण्मयीनं प्लेट उचलली.

"ठेव ती खाली!" मी केवढ्यानं तरी ओरडले.

ती बिचारी माझ्या पोटाकडे बघत स्टूल आणायला धावली. पाचवा महिना, मला चक्कर आली असं तिला वाटलं असणार. मी बसले नाही. आत, त्याच हुकमावर, एक इवलं आतडं घडत होतं. आणि थांबायचं कधी, ते माझ्याकडूनच शिकणार होतं.