मधला ठिपका

प्रयोगशाळेतलं माकड पडद्यावरच्या मधल्या ठिपक्याकडे टक लावून बसलं होतं. पण त्याचं लक्ष डावीकडच्या सरकत्या ठिपक्यांवर गेलं, की त्याच्या मेंदूतले संकेत ऐकवणारा स्पीकर जोरात कडकडायचा.

"डोळे इकडे, मन तिकडे! लबाड कुठलं," भार्गवी हसली.

जेवणाच्या सुट्टीत तिचा संशोधक नवरा समोर बसला. तिच्याकडे बघत तो भरल्या वांग्याचं कौतुक करत होता. तेवढ्यात डावीकडून नवी सहकारी इरावती गेली. हल्ली घरीही त्याच्या तोंडी तिचंच नाव असायचं. त्याची नजर तसूभरही हलली नाही. घास मात्र तोंडाशीच थांबला.

जळफळत भार्गवीने डबा खाडकन बंद केला.

"अगं, मी तुझ्याकडेच बघत होतो!"

"हो ना. ते माकडही मधल्या ठिपक्याकडेच बघत असतं."