जुईलीचा पूल

"आजी, माझी गाठ सुटली तर?" ओढ्यावर बांधलेल्या दोरीच्या पुलाकडं बघत जुईली रडकुंडीला आली. मी चालवते त्या गाईड पथकाचा नियमच आहे, गाठ मारणारीनं पूल आधी ओलांडायचा. "मी उद्यापासून पथकात येणारच नाही," तिनं सांगून टाकलं.

"अगं, तरुणपणी मी अशाच गाठीच्या पुलावरून हत्ती पलीकडं नेलाय," मी म्हटलं.

"मागच्या कॅम्पला म्हैस होती!" बाकीच्या पोरी खिदळल्या.

"म्हैस हत्तीच्या मागं होती गं."

जुईली काही हसली नाही. मग मी पदर खोचला, नियम मोडला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच पुलावर पाय ठेवला. मधोमध पोचले आणि पूल असा हलला, की माझ्या सगळ्या थापा घशातच अडकल्या. पाय उचलेना.

मागून जुईलीचा आवाज आला. ती पुलावर चढली होती. "आजी, खाली बघू नका. गाठ घट्ट आहे, मी ओढून बघितलीय. आता डावा पाय टाका."

पलीकडं उतरल्या उतरल्या तिनं कमरेवर हात ठेवले आणि काठावरच्या पोरींना ओरडून सांगितलं, "घाबरू नका गं, एकेक जण या! आजींना मीच आणलंय."