बत्तीसच्या खाली नको

भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढता चढता सुचित्राने अलिबागच्या व्हिलावर तिसऱ्यांदा फोन लावला. "काका, पूलचं पाणी गरम केलंय ना? बत्तीसच्या खाली नको हं."

व्हिला सांभाळणारे काशिनाथकाका वैतागून म्हणाले, "ताई, कालपासून हीटर चालू आहे. या तुम्ही निर्धास्त."

निर्धास्त कसली! तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचे, ओवीचे पाय जन्मापासूनच ताठर. गार पाण्यात ते पार आखडून जातात, म्हणून तर फिजिओथेरपीच्या मॅडमनी कोमट पाण्याचं बजावून सांगितलं होतं. गेल्या वर्षी एका रिसॉर्टमध्ये पाणी गार निघालं, ओवीच्या पायांत गोळे आले आणि पोरगी बुडता बुडता वाचली. लालबागच्या घरी सुचित्रा अजूनही झोपेतून दचकून उठायची.

व्हिलावर पोचल्या पोचल्या तिने पाण्यात थर्मामीटर सोडला. तेहतीस. तरी विश्वास बसेना, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. मग ओवीला दोन्ही हातांवर आडवी धरून ती छातीभर पाण्यात उभी राहिली.

"गार लागतंय का गं? पाय आखडतायत? दुखलं तर लगेच सांग हं."

ओवी प्रत्येक वेळी नाही म्हणत होती आणि सुचित्रा पुन्हा विचारत होती. शेवटी ओवीच म्हणाली, "आई, पाणी मस्त गरम आहे गं. तुझेच हात गार पडलेत. सोड ना आता, कधीची तरंगतेय मी."