पंखावर पंख

माझ्या चार वर्षांच्या रेवाला अजून अक्षरं नीट ओळखता येत नाहीत, म्हणून माझ्या जिवाला घोर. तशात तिच्या मामानं जुन्या विमानांच्या चित्रांचं पुस्तक आणलं. "पंखावर पंख दिसला की समजायचं, विमान शंभर वर्षांपूर्वीचं," असं मी तिला एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडालेलं विमान गच्चीवरून बघत ती ओरडली, "आई, जुनं विमान! पंखावर पंख!"

"अगं, ते मुंबईचं रोजचं विमान," हे हसले.

"हसतोस काय? एकदा सांगितलेलं ध्यानात ठेवलं पोरीनं," सासूबाई म्हणाल्या. "लई हुशार हाय. तू उगंच काळजी करतीस गं."

मलाही पटलं. आठवडाभर ती प्रत्येक विमानाला जुनंच म्हणायची, आणि मी कौतुकानं तिचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे.

काल शाळेला सर्टिफिकेट हवं म्हणून तिला औरंगपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकच पेन्सिल तिच्यासमोर आडवी धरली. "बेटा, किती पेन्सिली?"

 

रेवानं शाबासकीसाठी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "दोन. पेन्सिलीवर पेन्सिल!"